दुप्पट वेगाला आठपट ताकद



शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत जाणारा रस्ता पुढे माळशेज घाटाच्या रस्त्याला मिळतो. पावसाळ्यात घाटातले धबधबे पाहण्यासाठी तुमच्यापैकी काहीजण या वाटेने गेले असतील. याच वाटेवर टोकावडे गाव मागे पडल्यावर काही वर्षांपूर्वी माझी चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगतो, कारण आजचा सगळा पाठ त्या फजितीतून निघाला आहे.

एप्रिल महिना होता. वेळ दुपारची. मी वडिलांच्या जुन्या बुलेट मोटरसायकलवर होतो. इंजिन नुकतेच दुरुस्त करून घेतले होते, नवा पिस्टन बसवला होता, म्हणून मोठ्या उत्साहाने गाडी पळवत होतो. चढ लागला. इंजिनाचा आवाज एकाएकी बसला, मागचे चाक जागच्या जागी अडकले आणि गाडी फरफटत घसरू लागली. सवयीने हात क्लचवर होता, तो दाबला गेला, चाक सुटले आणि मी पडता पडता वाचलो. मागून एखादा ट्रक येत असता, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

गाडी आंब्याखाली लावली. किक मारून पाहिली, तर ती खाली जाईना. इंजिन जाम झाले होते. अर्ध्या तासाने इंजिन निवले. पुन्हा किक मारली, तर पिस्टन मोकळा! गरम असताना अडकतो आणि थंड झाल्यावर सुटतो, असा हा काय प्रकार? क्षणभर विचार करा. उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मी ते वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो होतो. तरीही दुरुस्तीच्या वेळी कारागिराला मीच सांगितले होते, "पिस्टन जरा घट्टच बसवा, म्हणजे ताकद वाढेल."

केसाएवढी जागा

आमची बुलेट ३५० जातीची. हिच्या इंजिनाच्या नळकांड्याचा, म्हणजे सिलिंडरचा, व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. यावरून इंजिनाचे आकारमान ३४६ घन सेंटिमीटर येते. तुम्हीही गुणाकार करून पहा. ही मोटरसायकल मूळची इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एनफील्ड कंपनीची. १९५५ साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे ती तिथेच पूर्णपणे तयार होऊ लागली. इंग्लंडातला कारखाना कधीच बंद पडला, पण तिथला जुना आराखडा आपल्या रस्त्यांवर कित्येक दशके धावत राहिला.

जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियम हलके म्हणून ते वापरतात. पण दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००२३ आहे. बिडाचा सुमारे ०.००००११, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

समजा, इंजिन चालू झाल्यावर दोघांचेही तापमान १०० अंशांनी वाढले. मग,

पिस्टनच्या व्यासातील वाढ = ७० × ०.००००२३ × १०० = ०.१६१ मिमी
सिलिंडरच्या व्यासातील वाढ = ७० × ०.००००११ × १०० = ०.०७७ मिमी

फरक ०.०८४ मिलिमीटरचा आला. म्हणजे इंजिन थंड असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात निदान एवढी जागा मोकळी हवी. शिवाय तेलाच्या पातळ थराला थोडी जागा द्यायला हवी. आपल्या डोक्याचा केस साधारण एवढाच जाड असतो. माझ्या गाडीत ही जागा केवळ ०.०४ मिलिमीटर ठेवली होती. चढावर इंजिन तापले, पिस्टन फुगला, त्याला जायला वाट उरली नाही आणि तो सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरून बसला.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तुमच्या गावातल्या लोहाराला पाहिले असेल. तो धाव तापवतो, ती फुगते, मग ती लाकडी चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. आकसलेली धाव चाकाला अशी आवळते की वर्षानुवर्षे सुटत नाही. माझ्या इंजिनात हाच खेळ उलटा झाला होता. तिथे आतली वस्तू फुगली होती.

मिस्त्रींचा धडा

टेंपोत घालून गाडी मुरबाडला आणली. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर टर्नर काम करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांच्याकडे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा जुना लेथ आहे. तो कारखाना आता राहिला नाही, पण लेथ अजून नेमाने चालतो. मिस्त्रींनी पिस्टन हातात घेतला, त्यावरचे ओरखडे पाहिले आणि मायक्रोमीटर लावला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले,

"सर, धातू तापला की फुगतो हे तुम्ही मुलांना शिकवता ना? मग याला फुगायला जागा कोण देणार?"

मी गप्प बसलो. दुसरे काय करणार?

सिलिंडरला ओरखडे पडले होते. तो अर्ध्या मिलिमीटरने मोठा करून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचे ठरले. याला बोअर करणे म्हणतात. मिस्त्रींनी आधी सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली मोजला. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. माप सगळीकडे सारखे नव्हते. वरच्या भागात उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून झीज जास्त. शिवाय दट्ट्या एका बाजूला अधिक रेटला जातो, त्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल झाले होते. नुसत्या डोळ्याला यातले काहीही दिसत नव्हते.

मग त्यांनी सिलिंडर लेथवर पक्का बांधला, डायल गेजचा काटा स्थिर होईपर्यंत तो मध्यावर आणला आणि बारीक बारीक कापे घेत आतून कोरला. शेवटचे दोनतीन शतांश मिलिमीटर मात्र त्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवले आणि हात पुसले.

"बाकीचं उद्या सकाळी," ते म्हणाले.

मला वाटले, ते दमले. खरे कारण वेगळे होते. कापताना धातू तापतो. तापलेल्या सिलिंडरचे माप घेतले, तर ते खोटे येते. जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरतात. मुरबाडला एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर जातो. एवढ्या २० अंशांच्या फरकाने ७० मिलिमीटरचे बिडाचे भोक ०.०१५ मिलिमीटरने मोठे होते. शेवटचे शतांश मोजताना हा फरक फार मोठा. म्हणून मिस्त्री रात्रभर सिलिंडर निवू देतात. पिस्टन आणि सिलिंडर शेजारी शेजारी ठेवतात, म्हणजे दोघांचे तापमान सारखे होते. सकाळच्या गारव्यात ते माप घेतात आणि मग होनिंगच्या दगडाने आतला पृष्ठभाग घासून पुरा करतात. त्या घासण्याने भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. या रेघांत तेल टिकून राहते.

अखेर त्यांनी ०.१० मिलिमीटर जागा ठेवली. त्यानंतर त्या इंजिनाने मला कधी दगा दिला नाही.

"सर, ही दीडशेला पळेल का?"

दुरुस्त झालेली गाडी घेऊन मी कॉलेजात गेलो. अकरावीतला एक विद्यार्थी रोज तिच्याभोवती घुटमळू लागला. एके दिवशी त्याने विचारलेच, "सर, हिचं हेड घासलं, सायलेन्सर काढला, तर ही ताशी दीडशेला पळेल का?" त्याच्या मित्रांत पैज लागली होती. पळवायचे कुठे, तर माळशेजच्या रस्त्यावर.

मी त्याला रागावलो नाही. फळ्यापाशी नेले.

मोटरसायकल वेगात असताना तिची निम्म्याहून अधिक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा रोध किती, हे या सूत्राने कळते :

रोध = अर्धा × हवेची घनता × आडवे क्षेत्र × वेगाचा वर्ग

यातले 'आडवे क्षेत्र' म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार. ताठ बसलेला स्वार आणि मोटरसायकल मिळून ते साधारण ०.६ चौरस मीटर धरू. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम. आणि ताकद, म्हणजे शक्ती, ही रोध गुणिले वेग एवढी लागते. रोधात वेगाचा वर्ग आहे, त्याला पुन्हा वेगाने गुणले की वेगाचा घन होतो. म्हणून वेग दुप्पट केला की ताकद दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तर आठपट लागते. आकडे पहा :

ताशी ६० किमी : रोध १०० न्यूटन, शक्ती सुमारे २.२ अश्वशक्ती
ताशी १२० किमी : रोध ४०० न्यूटन, शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती
ताशी २४० किमी : रोध १,६०० न्यूटन, शक्ती सुमारे १४३ अश्वशक्ती

जुन्या ३५० बुलेटचे इंजिन १८ अश्वशक्तीचे सांगितले जाते. त्यातली काही चेन, गिअर आणि टायर खातात. म्हणून चांगली राखलेली गाडीही ११० च्या आसपास थकते. आपले गणित आणि रस्ता एकच गोष्ट सांगतात. आता दीडशेसाठी हिशेब केला, तर केवळ हवेसाठी ३५ अश्वशक्ती लागतात. वेगात साधारण तिसरा हिस्सा भर घालायची, तर इंजिन दुपटीहून अधिक ताकदीचे हवे. सायलेन्सर काढून फक्त आवाज दुप्पट होतो.

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "पण सर, जुन्या ब्रिटिश गाड्या तर दोनशेच्याही वर पळवल्यात म्हणतात!"

तो खोटे बोलत नव्हता.

मिठाचे मैदान

वसई-भाईंदरकडची मिठागरे तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनेव्हिल नावाचे निसर्गानेच केलेले मिठाचे प्रचंड मैदान आहे. पूर्वी तिथे सरोवर होते. ते आटले आणि मिठाचा सपाट, कठीण थर उरला. झाड नाही, वळण नाही, माणूस नाही. गाड्यांचे वेगाचे विक्रम करण्यासाठी जगभरचे हौशी लोक तिथे जमतात. ही शर्यत इतर शर्यतींसारखी नसते. एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची शर्यत घड्याळाशी असते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी रॉली फ्री नावाच्या अमेरिकन स्वाराने तिथे व्हिन्सेंट ही ब्रिटिश मोटरसायकल ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर वेगाने पळवली. तिच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचा व्यास ८४ आणि धाव ९० मिलिमीटर होती. गंमत अशी, की आपल्याकडच्या ५०० बुलेटच्या एकुलत्या एका सिलिंडरचे मापही नेमके तेवढेच आहे.

व्हिन्सेंटचे ते इंजिन सुमारे ७० अश्वशक्तीचे. बॉनेव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथली हवा थोडी विरळ. घनता १.०५ धरू. तरीही ताठ बसलेल्या स्वाराला या वेगासाठी सुमारे १२८ अश्वशक्ती लागल्या असत्या. उरलेल्या ५८ आणायच्या कुठून? फ्री मागच्या चाकाच्या वरपर्यंत पोटावर आडवा झाला आणि त्याने पाय मागे सरळ पसरले. आधीच्या फेऱ्यांत दीडशेला थोडे कमी पडत होते आणि त्याचा चामड्याचा पोशाख वाऱ्याने फाटला होता. तेव्हा तो पोशाखही त्याने काढून टाकला आणि केवळ पोहण्याच्या चड्डीवर शेवटची फेरी केली. सूत्रात उलटे आकडे घालून पहा. त्याने आडवे क्षेत्र ०.६ वरून सुमारे ०.३३ पर्यंत खाली आणले होते. इंजिनात नसलेली ताकद त्याने अशी आकारातून मिळवली. मात्र डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, अंगावर कातडीखेरीज काही नव्हते. आज कोणतीही शर्यत-संस्था असे करू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

१९५६ साली जॉनी ॲलन याने याहून मोठी कमाल केली. त्याच्याजवळ ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीचे फक्त ६५० घन सेंटिमीटरचे इंजिन होते, व्हिन्सेंटच्या दोनतृतीयांश आकाराचे. पण ते एका लांब, निमुळत्या, माशासारख्या कवचात बसवले होते आणि स्वारही आतच निजत असे. वेग आला ताशी सुमारे २१४ मैल, म्हणजे जवळजवळ ३४५ किलोमीटर. ताठ बसून हा वेग गाठायचा, तर ३७० अश्वशक्ती लागल्या असत्या. त्या काळी एवढ्याशा इंजिनाला ते स्वप्नातही जमले नसते. कवचामुळे आडवे क्षेत्र सहाव्या हिश्श्यावर आले, तर ताकदही सहावा हिस्सा पुरते.

इंजिनाच्या आत

म्हणजे इंजिनावर काम करण्याची गरजच नाही का? आहे, आणि तिथेच लेथवरच्या कारागिराची खरी परीक्षा होते.

आमच्या बुलेटचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेते, तेव्हा पिस्टन सेकंदाला सुमारे ८३ वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक टोकाला तो थांबतो आणि उलटा फिरतो. वर्तुळाकार गतीचे सूत्र वापरले, तर टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १,२५० पट येते. पिस्टनचे वस्तुमान ३०० ग्रॅम धरले, तर त्याला जोडलेल्या दांड्याला, म्हणजे कनेक्टिंग रॉडला, ३७५ किलो वजनाएवढा ओढा बसतो. पन्नास किलोच्या साडेसात तांदळाच्या गोण्या समजा, आणि त्याही सेकंदाला ८३ वेळा! फेरे दुप्पट केले, तर हा ओढा चौपट होतो.

म्हणून वेगासाठी इंजिन बांधणारे लोक पिस्टन आतून कोरून हलका करतात. कनेक्टिंग रॉड आरशासारखा घासून चकचकीत करतात. ती चकाकी शोभेसाठी नसते. एखादा बारीक ओरखडा राहिला, तर वारंवार ताण बसून तिथूनच तडा जायला सुरुवात होते. कागद दुमडून जिथे रेघ पाडावी, तिथेच तो फाटतो, तसेच हे.

हेड घासण्याचे काय? जुन्या बुलेटमध्ये मिश्रण साधारण साडेसहा पट दाबले जाते. म्हणजे पिस्टन वर असताना ६३ घन सेंटिमीटर जागा उरते. ते आठ पटीवर न्यायचे, तर ४९ च उरली पाहिजे. हेड आणि सिलिंडर मिळून जवळजवळ साडेतीन मिलिमीटर धातू उतरवावा लागेल. मग झडपा पिस्टनवर आदळायची भीती, आणि पेट्रोल वेळेआधी भडकून ठोके बसण्याची भीती. बॉनेव्हिलवर म्हणूनच पुष्कळजण पेट्रोलऐवजी मिथेनॉल अल्कोहोल वापरतात. ते अधिक दाब सोसते आणि इंजिन थंड ठेवते. एक भाग बदलला की दुसऱ्या दहा भागांचा हिशेब करावा लागतो.

इन्व्हरकार्गिलचा कारागीर

न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल गावच्या बर्ट मन्रोने हे सगळे घरामागच्या शेडमध्ये केले. १९२० साली त्याने 'इंडियन' नावाची मोटरसायकल घेतली. नाव इंडियन, गाडी अमेरिकन. मूळचा वेग ताशी ५५ मैलांच्या आसपास. पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो ती सुधारत राहिला. जोडीला त्याने वेलोसेट ही ब्रिटिश गाडीही अशीच बदलली. पिस्टन तो जुन्या डब्यांच्या साच्यांत स्वतः ओतत असे. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद कोरून केले. मोडलेले भाग तो फेकत नसे. ते फळीवर मांडून ठेवत असे, कारण प्रत्येक भाग कुठे आणि का मोडला, हे त्याला त्यातून वाचता येई.

२६ ऑगस्ट १९६७ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने बॉनेव्हिलवर आपल्या गटाचा विक्रम केला. नोंद झाली ताशी १८३.५८६ मैलांची. मन्रो १९७८ साली वारला. पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आले, की सरासरी काढताना त्या वेळी चूक झाली होती. २०१४ साली नोंद सुधारून ती १८४.०८७ करण्यात आली. सत्तेचाळीस वर्षांनी एक बेरीज-भागाकार दुरुस्त झाला!

सरासरी कशाची? मोटरसायकलच्या जागतिक विक्रमासाठी गाडीला त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी धावावे लागते. जाताना वारा पाठीशी असला, तर येताना तो समोरून येतो आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. घड्याळे आणि पंच कोणाचे, यालाही नियम आहेत. जॉनी ॲलनचा वेग आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यच केला नाही. तरी ट्रायम्फ कंपनीने १९५९ साठीच्या आपल्या नव्या मोटरसायकलला बॉनेव्हिल हेच नाव दिले. २५ सप्टेंबर २०१० रोजी रॉकी रॉबिन्सनने कवचबंद मोटरसायकलवर तिथेच ताशी ३७६.३६३ मैल, म्हणजे सुमारे ६०५ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला. आणि २०१८ साली केला रिव्हास या अठरा वर्षांच्या मुलीने भारतात बनलेली, पण त्यासाठी बदललेली रॉयल एनफील्ड ६५० याच मिठावर ताशी १५० मैलांच्या पुढे नेली.

मैदान आणि घाट

आता माझ्या विद्यार्थ्याचा शेवटचा प्रश्न. मैदानावर चालते, तर घाटात का नाही?

चांगल्या कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावले, तर वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. समोरचा धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगाला गाडी थांबेपर्यंत सुमारे ४० मीटर जातात. ताशी १२० ला सुमारे १२६ मीटर. माळशेजच्या वळणावर पुढचा रस्ता तीस मीटरसुद्धा दिसत नाही, पावसाळ्यात धुके असते, दगड पडलेला असतो, गुरे बसलेली असतात. बॉनेव्हिलवर वेग चढवायला आणि उतरवायला मैलोगणती मोकळी जागा असते. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला, पण तिथेही दुचाकींना मनाई आहे.

मी त्याला म्हटले, "वेगाची हौस वाईट नाही. पण ती आधी मायक्रोमीटरवर फेड." तो मुकाट्याने गेला. पुढच्या रविवारी मुरबाडला गेलो, तर तो मिस्त्रींच्या शेडमध्ये उभा! हातात मायक्रोमीटर, समोर माझा ओरखडे पडलेला जुना पिस्टन. मिस्त्री त्याला तो दोन दिशांनी मोजायला लावत होते. पिस्टन पुरता गोल नसतो आणि वर किंचित निमुळता असतो, हे त्याचे त्यालाच सापडले होते.

"असं का, सर?" त्याने विचारले.

मी म्हटले, "वरचा भाग जास्त तापतो. पुढचं तू सांग."

करून पहा

वहीच्या कागदातून २० सेंटिमीटर व्यासाची सारखी पाच वर्तुळे कापा. प्रत्येकाचा चौथा हिस्सा कापून टाका आणि कडा चिकटवून शंकू करा. चार शंकू एकात एक घाला. आता शिक्षकांच्या देखत, वारा नसताना, जिन्यातून एकटा शंकू २ मीटर उंचीवरून आणि चार शंकूंचा गठ्ठा ४ मीटर उंचीवरून टोक खाली करून एकदम सोडा. कठड्यावरून वाकू नका. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर पोहोचतील. गठ्ठ्याचा आकार तोच, पण वजन चौपट. तरी वेग फक्त दुप्पट. म्हणजे दुप्पट वेगाला हवेचा रोध चौपट, हे तुम्ही स्वतः सिद्ध केले.

सोडवा

१. एका सिलिंडरचा व्यास ८४ मिमी आहे. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही १०० अंशांनी तापले, तर दोघांच्या व्यासवाढीत फरक किती?

२. ताशी ४० किमी वेगाला हवेसाठी १ एकक शक्ती लागते. ताशी १२० किमीला किती लागेल?

३. एक गाडी एक किलोमीटर ताशी २०० किमीने गेली आणि तेच अंतर ताशी १८० किमीने परत आली. दोन्ही फेऱ्यांचा एकूण वेळ धरून सरासरी वेग काढा. तो १९० का येत नाही?

उत्तरे : १. सुमारे ०.१०१ मिमी. २. २७ एकके. ३. सुमारे १८९.५ किमी. कमी वेगाच्या फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून सरासरी तिच्या बाजूला झुकते.